थांबण्याचे पैसे कोण देणार?

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा यंत्र होतं, जिद्द होती, भांडवल मात्र नव्हतं. बोलपट तर सोडाच, मूकपट काढण्याचाही धंदा इथे कुणी पाहिलेला नव्हता. अशा वेळी सावकारासमोर नुसतं बोलून भागत नाही, काहीतरी दाखवावं लागतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि महिनाभर त्या रोपाची थोडी थोडी चित्रं घेत राहिले. पडद्यावर तो अख्खा महिना मिनिटभरात उलगडला. माती फुटली, कोंब वर आला, वेल चढली. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची वाट मोकळी झाली.

हा किस्सा आपण ‘हरिश्चंद्र’च्या जन्मकथेतली एक गंमत म्हणून सांगतो. माहितीपटवाल्यांनी तो आपल्या धंद्याचा पहिला ताळेबंद म्हणून वाचावा. पैसे मिळाले ते कथापटाला. ज्या महिनाभराच्या थांबण्याने सावकार पघळला, तो महिना फाळक्यांनी पदरमोड करून काढला. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी हिशेब तिथेच आहे. कॅमेऱ्याचं भाडं, प्रवास, ध्वनिमुद्रकाचा रोज, संकलनाची खोली, सबटायटल या सगळ्यांना अंदाजपत्रकात रकाना असतो. काही घडण्याची वाट बघत बसण्याला नसतो. आणि माहितीपटाचा खरा कच्चा माल तोच.

कथापटात उशीर झाला तर नुकसान होतं. माहितीपटात कित्येकदा उशिरातूनच सिनेमा हाती लागतो. माझ्या मते या धंद्याचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: थांबण्याचा खर्च कुणी उचलला? सरकारने, परदेशी फंडाने, की दिग्दर्शकाने स्वतः? ज्याने उचलला, त्याच्या हाताचा ठसा चित्रपटावर उमटलेला दिसतो.

सरकारने उचलला तेव्हाचं बघू. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली. पेडर रोडवरच्या त्या आवारातून दर आठवड्याला वार्तापट आणि माहितीपट निघायचे, देशातल्या अनेक भाषांत त्यांचं निवेदन व्हायचं आणि थिएटरवाल्यांना ते मुख्य सिनेमाआधी दाखवावेच लागायचे. वर त्याचं भाडंही थिएटरनेच भरायचं. माहितीपटाला इतका हुकमी प्रेक्षक आणि इतकं हुकमी उत्पन्न जगात फार थोड्या ठिकाणी मिळालं असेल. प्रेक्षकांनी त्याचं काय केलं, ते चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या कुणालाही आठवतं: धरणाचे दरवाजे उघडायचे, निवेदकाचा भारदस्त आवाज घुमायचा आणि लोक बाहेर चहा पीत उभे राहायचे. ‘न्यूजरीळ संपली का रे?’ हे वाक्य खास त्या काळातलं.

पण सरसकट नाक मुरडणं अन्यायाचं होईल. १९६०च्या दशकात याच कचेरीतून काही अचाट कामं बाहेर पडली. एस. एन. एस. शास्त्रींनी ‘आय अ‍ॅम २०’मध्ये देशाबरोबर जन्मलेल्या, विशीत आलेल्या मुलामुलींना बोलतं केलं आणि सरकारी कॅमेऱ्यासमोर ती मुलं सरकारला न शोभणारं बरंच काही बोलून गेली. प्रमोद पतींनी १९६८ साली ‘एक्सप्लोरर’मध्ये चित्रं आणि आवाज असे काही आपटवले की ते सरकारी खात्याचं काम वाटूच नये. फली बिलिमोरियांचा ‘द हाउस दॅट आनंदा बिल्ट’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. सुखदेव यांचं ‘इंडिया ६७’ होतंच. ही माणसं पगारावर किंवा कंत्राटावर होती, उद्या चूल पेटेल की नाही याची फिकीर नव्हती, म्हणून प्रयोग करू धजली. फक्त एका गोष्टीला सरकारी व्यवस्थेत जागा नव्हती: एखाद्या वस्तीत जाऊन, काय होतं ते बघत, मुदत न ठरवता राहण्याला. फाइलवर तारीख लागते. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि ती पाटीही इतिहासजमा झाली.

मुदत न ठरवता थांबणं म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण माहितीपटकार आनंद पटवर्धनांचं आहे.

त्यांच्या १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये, मुंबईच्या झोपडपट्ट्यांवर फिरणाऱ्या बुलडोझरच्या त्या चित्रपटात, विलास घोगरे नावाचा शाहीर गातो. तो जमाना १६ मिलिमीटर फिल्मचा. चारशे फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटं चालायचं. रीळ महाग, धुलाई महाग, त्यामुळे कॅमेऱ्याचं बटण दाबायचं की नाही हा निर्णय दर वेळी पैशाचा असायचा. माणूस बोलायला लागला की कॅमेरामन मनात मिनिटं मोजायचा, आणि नेमकं रीळ संपताना समोरचा खरं बोलू लागायचा. या पिढीच्या दिग्दर्शकांना एक विद्या आपसूक आली होती: कॅमेरा बंद ठेवून ऐकणं.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसं गेली. त्यानंतर चारच दिवसांत विलास घोगरेंनी गळफास घेतला. पटवर्धनांनी तिथून चित्रीकरण सुरू केलं आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला २०११ साल उजाडलं. चौदा वर्षं. मधल्या काळात गोळीबाराचा खटला रखडत चालला, २००९ मध्ये सत्र न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवलं, खैरलांजीचं हत्याकांड घडलं, पक्ष फुटले आणि जुळले, आणि पुण्यातून कबीर कला मंचाची तरुण पोरं डफ घेऊन उभी राहिली. १९९७ साली या चित्रपटाचा आराखडा कागदावर मांडा म्हटलं असतं तर या मंचाची गायिका शीतल साठे त्यात येणं शक्यच नव्हतं. ती तेव्हा शाळकरी वयाची असेल. पण ती चित्रपटात आली, गायली, आणि एका शाहिराच्या मरणापासून निघालेला चित्रपट शाहिरीच्या पुढच्या पिढीपाशी पोचला. जानेवारी २०१२ मध्ये तो पहिल्यांदा जाहीरपणे दाखवला गेला तो भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत. ज्यांची गोष्ट, त्यांच्याच अंगणात.

तीन तास वीस मिनिटांचा हा चित्रपट आहे. त्यात एक नायक नाही. गाणी आहेत, मोर्चे आहेत, वस्तीतल्या बायका आहेत, उन्मत्त नेते आहेत. जगातल्या कुठल्याही फंडासमोर हा प्रस्ताव घेऊन गेलं असतं तर टेबलापलीकडच्या माणसाने पहिल्या दोन मिनिटांत विचारलं असतं: ‘पण हा कुणाचा प्रवास आहे?’

हा प्रश्न साधा नाही. आज भारतातल्या गंभीर माहितीपटाचा बराचसा पैसा या प्रश्नाच्या दारातून येतो. अमेरिकेतल्या सनडान्सचा फंड, अ‍ॅमस्टरडॅमच्या इड्फा महोत्सवाचा बर्था फंड, कोलकात्याचं डॉकएज, गोव्याचा फिल्म बाजार अशी ही साखळी आहे. पद्धत सगळीकडे साधारण सारखी. दोन-तीन मिनिटांचा ट्रेलर, व्यासपीठावर सात मिनिटांच्या आसपास बोलणं, तेवढेच प्रश्न. समोर वाहिन्यांचे आणि फंडांचे प्रतिनिधी. ते विचारतात ते ठरलेलं असतं: मुख्य पात्र कोण, त्याच्याशी तुमची जवळीक किती, शेवटी काय होणार? शेवटी काय होणार हे माहीत असतं तर चित्रपट काढलाच कशाला असता, असं कुणी उलट विचारत नाही. सगळे काहीतरी छान सांगतात.

या व्यवस्थेने भारतीय माहितीपटाला जे दिलं ते नाकारता येणार नाही. शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ २०२२ मध्ये सनडान्स आणि कान दोन्हीकडे गाजला. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. पण माहितीपट एका साच्यात बसवले जातात ते इथेच. दोन माणसं, एक संकट, वर्ष-दोन वर्षांचा काळ, नव्वद मिनिटं. टीव्हीसाठी बावन्न मिनिटांची वेगळी आवृत्ती. साच्यातूनही उत्तम मूर्ती निघतात, हे खरं. पण शाहिरांची जत्रा साच्यात मावत नाही.

साच्यात राहूनही थांबण्याचं सोनं करणारे दोन चित्रपट महाराष्ट्राच्या मातीतले आहेत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २००८च्या सुमारास आपल्या जत्रांमधल्या फिरत्या टॉकीजचा माग काढायला सुरुवात केली. ट्रकमागे प्रोजेक्टर, मैदानात तंबू, तिकिटाला रांगेत गावकरी. एका हंगामात शूट उरकलं असतं तर एक सुरेख, हळवी आठवणवही झाली असती. ते वर्षानुवर्षं टिकून राहिले, आणि त्या वर्षांत फिल्मची रिळं येणं बंद होत गेलं. गंजके प्रोजेक्टर भंगारात निघाले आणि तंबूत डिजिटल यंत्र आलं. प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर त्याच्या दुकानात बसून स्वतः बनवलेलं यंत्र प्रेमाने उलगडून दाखवतो, आणि त्याच वेळी त्या यंत्राचं गिऱ्हाईक संपत चाललेलं असतं. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ २०१६ मध्ये कानला दाखवला गेला, तिथे त्याचा खास उल्लेख झाला. एक धंदा संपताना कॅमेरा तिथे हजर होता, याला नशीब म्हणावं तर एवढी वर्षं हजेरी लावणाऱ्यालाच ते नशीब मिळतं.

दुसरा सर्वनीक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’. मुंबईचे दोन कोळी मित्र. एक बापजाद्यांच्या पद्धतीने लहान होडीवर मासेमारी करणारा, दुसरा स्कॉटलंडमध्ये शिकून आलेला, खोल समुद्रात मोठ्या बोटी आणि एलईडी दिव्यांकडे वळणारा. मासळी आटत चालली आहे, कर्ज वाढतंय, आणि मैत्रीवर ताण येतोय. २०२३ मध्ये सनडान्सला या चित्रपटाला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. चित्रपटातली भाषा कोळीवाड्याची आहे, आणि ती ऐकताना लक्षात येतं की हे दोघे कॅमेऱ्यासाठी बोलत नाहीत. एका सोप्यावर बसून दारू पिताना मित्र मित्राला जसं टोचून बोलतो तसं बोलतात. माणूस कॅमेरा विसरतो असं म्हणतात, ते काही मला पटत नाही. कॅमेरा कुणीच विसरत नाही. फार तर रोज येणाऱ्या दूधवाल्यासारखी त्याची सवय होते.

होडीवर चित्रीकरण कसं होतं हे एकदा ध्वनिमुद्रकाच्या बाजूने बघावं. डिझेल इंजिनाच्या धडधडीत माणसाचं बोलणं बुडतं. बूम धरायला जागा नाही, धरला तर वारा घुसतो, म्हणून सदऱ्याच्या आत लेपल माइक चिकटवायचा. घामाने तो सुटतो, खाऱ्या पाण्याने गंजतो, जाळं ओढताना छातीवर घासून खरखर येते. इंजिन बंद झालं की दोन मिनिटं शांतता मिळते, तेव्हा कुणी बोललं नाही तरी नुसत्या समुद्राचा आवाज भरून घ्यायचा, कारण पुढे संकलनात दोन वाक्यांच्या मधली फट त्यानेच बुजवायची असते. चांगला ध्वनिमुद्रक सगळ्यांना गप्प बसवून हे करतो. प्रेक्षकाला हा आवाज कधीच ऐकू आल्यासारखा वाटत नाही, पण तो नसला तर चित्र लगेच खोटं वाटतं.

डिजिटल कॅमेरा आला आणि रिळाचा खर्च गेला असं सर्रास म्हटलं जातं. खर्च गेला नाही, त्याने फक्त खोली बदलली. आधी तो कॅमेऱ्यात होता, आता संकलकाच्या टेबलावर आहे. नव्वद मिनिटांच्या चित्रपटासाठी दोन-तीनशे तासांचं फुटेज जमणं आता नवलाचं राहिलेलं नाही. तीनशे तास नुसतं बघायचं तर रोज आठ तास धरून महिन्याहून जास्त. बघताना लॉगिंग करायचं: कोण, कुठे, काय बोललं, कुठल्या मिनिटाला. बोली जर कोळी, वऱ्हाडी किंवा भिलोरी असेल आणि संकलक दिल्लीचा असेल, तर आधी सगळ्याचं भाषांतर. त्यात गोची अशी की भाषांतर करणारा ‘महत्त्वाचं’ तेवढंच लिहितो, आणि चित्रपट नेमका बिनमहत्त्वाच्या वाक्यात दडलेला असतो. आई चहा गाळता गाळता जे पुटपुटते, त्यात.

हक्कांचं प्रकरण तर वेगळंच. समजा तुम्ही जत्रेत शूट केलं. पाळण्याजवळ एक म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर मनातलं बोलला, आणि मागे भोंग्यावर हिंदी सिनेमातलं गाणं वाजत होतं. इथे घरगुती कार्यक्रमात दाखवाल तर कुणी विचारणार नाही. परदेशी वाहिनीला विकायला गेलात की त्यांचा वकील त्या गाण्याचं परवानगीपत्र मागतो. संगीत कंपनी सांगते ती रक्कम अख्ख्या शूटच्या खर्चाहून मोठी असू शकते. मग दोनच मार्ग: म्हाताऱ्याला कापा, नाहीतर त्याचा आवाज शक्य तितका वेगळा काढून मागे दुसरं संगीत भरा. पडद्यावरच्या कित्येक जत्रा अशा बिनगाण्याच्या, नाहीतर भलत्याच गाण्याच्या असतात. खरेपणाचा धंदा करणाऱ्यांचं हे गुपित आहे, आणि ते गुपित म्हणून कुणी सांगतही नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे.

मराठीत या मालाला गिऱ्हाईक कोण? वाहिन्या नाहीत. थिएटर तर नाहीच नाही. कधी घराण्याने पैसे घालून चांगलं काम होतं, जसा प्रभातच्या दामल्यांवरचा ‘विष्णुपंत दामले: बोलपटांचा मूक नायक’, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कधी कार्यकर्त्याची तळमळ पुढे येते. अतुल पेठेंनी पुण्यातल्या सफाई कामगारांवर ‘कचराकोंडी’ केला, सुमित्रा भावे संशोधनाच्या कागदातून उठून १९८५ साली ‘बाई’ करायला गेल्या. एरवी पोटापाण्यासाठी असते ‘संस्थेची फिल्म’. साखर कारखान्याचे संस्थापक अध्यक्ष पंचाहत्तरीला आले, शिक्षणसंस्थेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष लागलं, पतसंस्थेने ठेवींचा टप्पा ओलांडला, की बोलावणं येतं. ड्रोनमधून उसाचं शेत, सूर्योदय, साहेब देवघरात, साहेब बांधावर, मागे बासरी आणि ‘एका कर्मयोग्याची यशोगाथा’ अशी भारदस्त सुरुवात. ज्या दिग्दर्शकाला चार पुरस्कार आहेत त्याच्याही संगणकात असा एक फोल्डर असतो. त्यात कमीपणा नाही. उलट मराठीतल्या बऱ्याच गंभीर माहितीपटांचा खरा निर्माता तो कर्मयोगीच आहे, त्याला ते ठाऊक नाही एवढंच.

ओटीटी आल्यावर दिवस पालटतील असं वाटलं होतं. थोडे पालटलेही. पैसे बरे, वेळेवर, करार लेखी. पण मागणी एकाच मालाची जास्त: गुन्हा. नागपूरच्या कस्तुरबा नगरातल्या बायकांनी २००४ साली भर कोर्टात अक्कू यादव या गुंडाला संपवलं, त्यावर ‘इंडियन प्रेडेटर’ मालिकेचे भाग ‘वळू’वाल्या उमेश कुलकर्णींनी २०२२ मध्ये केले. विषय प्रचंड ताकदीचा, दिग्दर्शक जाणता. तरी मांडणीवर त्या मालिकेचं वळण दिसतं: अंधारी पुनर्निर्मिती, भागाच्या शेवटी टांगून ठेवणं, ढणढणतं पार्श्वसंगीत. वर्षानुवर्षांच्या हिंसेत त्या वस्तीत रोजचं जगणं कसं चालायचं, ते ऐकायला या चौकटीत उसंत नाही. ओटीटी पैसे देतं ते कामाचे. थांबण्याचे नाही.

आणि मग न्यायालय. हा खर्च कुणीच धरत नाही, पण भारतात राजकीय माहितीपट काढणाऱ्याला तो टळत नाही. पटवर्धनांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ १९९५चा, तो दूरदर्शनने दाखवावा असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला २००६ मध्ये. ‘जंग और अमन’साठी सेन्सॉरने सांगितलेली काटछाट मुंबई उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यावी लागली. दाभोलकर, पानसरे यांच्या खुनांपाशी जाणारा ‘विवेक’ २०१८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला सर्वोत्कृष्ट ठरला, आणि पुढच्या वर्षी केरळच्या महोत्सवात दाखवण्यासाठी परत हायकोर्टात जावं लागलं. २००४च्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली, त्या वादातून दिग्दर्शकांनी एकत्र येऊन बाजूलाच ‘विकल्प’ महोत्सव भरवला. गर्दी तिथेही होती. वकिलाची फी, तारखा, हेलपाटे या सगळ्यात दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट मागे पडत जातो, तो कुणाच्या हिशेबात येत नाही.

एका हिशेबात मात्र दिग्दर्शक स्वतःच देणेकरी असतो. ज्यांच्या घरात तो वर्षानुवर्षं बसला, त्यांचा. पैसे देऊन बोलतं करायचं नाही, हा या धंद्यातला जुना संकेत, आणि त्यामागे शहाणपण आहे. पण होडीवर आपल्यासाठी जागा केली म्हणून एक माणूस कमी गेला, त्याचा रोज कुणी द्यायचा? रिलीज फॉर्म इंग्रजीत असतो, खाली सही किंवा अंगठा. आपण कशावर सही केली हे माणसाला चित्रपट बाहेर आल्यावर कळतं. ‘रायटिंग विथ फायर’ ऑस्करच्या तोंडावर असताना, ज्यांच्यावर तो होता त्या ‘खबर लहरिया’ या वृत्तसंस्थेनेच जाहीर केलं की चित्रपटाने आमच्या कामाचं चित्र अपुरं रंगवलंय. दिग्दर्शकांची बाजूही आहे, आणि प्रेक्षक म्हणून मला तो चित्रपट आवडला. तरी रफ कट आधी त्या माणसांना दाखवायचा, हा नियम सगळ्यांनी करावा असं मला वाटतं. फंडवाल्यांना दाखवतोच की.

शेवटी उरतं ते फुटेज. तीनशे तासांतले दीड तास लोकांसमोर जातात, बाकीचे घरी कपाटात. हार्ड डिस्क काही कायमची नसते. काही वर्षांनी ती अचानक टिकटिकायला लागते आणि मग बोंब होते, म्हणून दर काही वर्षांनी सगळं नव्यावर उतरवून ठेवायचं, दोन प्रती, शक्यतो दोन घरांत. सरकारी चित्रपट जपायला पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. अंधेरीतल्या, कोथरूडमधल्या, नागपूरच्या कपाटांना कुणी वाली नाही. त्यात संपांचे मोर्चे आहेत, आता उभ्या नसलेल्या वस्त्या आहेत, हयात नसलेले शाहीर आहेत. पुढची ‘यशोगाथा’ मिळाली की त्या पैशांतून आधी चार टेराबाइटचे दोन ड्राइव्ह घ्यायचे, असं अनेकांनी ठरवून ठेवलेलं असतं.